‘धीर’चा ‘धूर’

गिरगावातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या मागच्या खोलीत माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम चालतं. वर्षभर लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, एखादं पुस्तक. ऑगस्ट लागला की दिवाळी अंक. २०२४ साली दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीलाच होती, त्यामुळे सगळं वेळापत्रक पुढे ओढलेलं. माझ्याकडे २४० पानांचा एक अंक होता आणि छापखान्याने १० ऑक्टोबर ही तारीख दिली होती. दसऱ्याच्या दोन दिवस आधी फाइल हातात, नाहीतर आमचा नंबर मागे.

माझं मशीन २०२०चं. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, चार स्लॉटचा मदरबोर्ड आणि त्यात ८-८ जीबीच्या दोन रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या पट्ट्या, स्टिक. चार वर्षं बिनतक्रार चाललं. पण या अंकात रंगीत छायाचित्रं भरपूर होती. इनडिझाइनमध्ये अंक, फोटोशॉपमध्ये दोन-तीन मोठे फोटो आणि बाजूला ब्राउझर, एवढं उघडलं की १६ जीबी भरून जायची आणि पान सरकवायलाही थांबायला लागायचं. रॅम वाढवायची ठरली.

अनंत चतुर्दशी झाली, गिरगावातली गर्दी ओसरली, आणि १९ सप्टेंबरला मी ऑपेरा हाउसवरून चालत लॅमिंग्टन रोडला गेले. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सुटे भाग घ्यायला जाणारा कुणी ते घेत नाही. तिथून १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर-४ रॅम घेतल्या, दोन्हींचे मिळून ६४०० रुपये. काउंटरवरच्या मुलाने बिलावर सिरीयल नंबर लिहिले आणि सांगितलं, “ताई, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा. नाहीतर ३२००ची रॅम २४००वरच चालेल.” बायोस म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग, आणि एक्सएमपी म्हणजे रॅम तिच्या पाकिटावरच्या वेगाने चालवायची त्यातली सोय.

घरी आल्यावर प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि रिकाम्या दोन स्लॉटमध्ये नव्या स्टिक बसवल्या. मधली खाच जुळली की दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्यायचा, बाजूची पकड टक् करून बसते. मशीन सुरू केलं तर पडदा काळा. मिनिटभर काहीच नाही. माझ्या पोटात गोळा आला. मग आपोआप सुरू झालं. रॅम बदलली की बोर्ड पहिल्यांदा तिच्याशी वेळा जुळवून बघतो, त्याला तेवढा वेळ लागतो, हे नंतर कळलं. अशा वेळी घाबरून बटण दाबून बंद करू नये. पडद्यावर ४८ जीबी दिसली, एक्सएमपी चालू केलं, आणि दोन दिवस मशीन इतकं हलकं चाललं की खर्च सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

२१ तारखेला संध्याकाळी पहिली ब्लू स्क्रीन आली, म्हणजे विंडोज बंद पडून पडदा निळा झाला. खाली लिहिलं होतं ‘मेमरी मॅनेजमेंट’. मशीन परत सुरू झालं, फाइलही शाबूत होती. एखाद वेळी होतं, म्हणून मी काम पुढे चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोनदा झालं. एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. २३ तारखेला संपादकांना बघायला म्हणून अख्ख्या अंकाची पीडीएफ काढायला घेतली तर निम्म्याच्या पुढे गेली की मशीन बसायचं. तीनदा केलं, तीनदा बसलं.

इथे माझे तीन दिवस वाया गेले, आणि ते कसे गेले हे सांगायला हवं, कारण बरेचजण याच वाटेने जातात. एक देवनागरी फॉन्ट मी त्याच आठवड्यात नवा घातला होता, तो आधी काढला. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला. विंडोजच्या फाइल तपासणारी आज्ञा चालवली, तिने काही फाइल बिघडल्याचं सांगून दुरुस्तही केल्या, म्हणून मला वाटलं दोष तिथेच होता. यूपीएसवर संशय घेतला. जुन्या चाळीतलं वायरिंग, म्हणून वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. ते ठीक होतं. शेवटी विंडोजमध्येच जी मेमरी तपासायची सोय असते ती चालवली. वीस मिनिटांनी उत्तर आलं की कोणतीही त्रुटी नाही. हे उत्तर वाचून मी रॅमचा विचारच डोक्यातून काढून टाकला. ती मोठी चूक झाली. ती चाचणी वरवरची आहे. तिने दोष दाखवला तर तो खरा मानावा, पण नाही दाखवला म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही.

खरं तर खुणा डोळ्यांपुढे होत्या. दर वेळी ब्लू स्क्रीनवरचं नाव वेगळं होतं. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुतेक वेळा तेच नाव, तीच फाइल पुन्हा पुन्हा समोर येते. रोज नवं नाव येऊ लागलं की पायाखालच्या जमिनीवर संशय घ्यावा. दुसरी खूण म्हणजे मशीन बसायचं ते मोठ्या कामातच. रॅममधली एक जागा खराब असेल तर तिथपर्यंत काम पोचायला हवं ना! पत्रिकेसारखं लहानसं काम त्या जागेला हातही लावत नाही. २४० पानांची पीडीएफ काढताना मात्र रॅम काठोकाठ भरते आणि पाय त्या खड्ड्यात पडतो. आणि सगळ्यात साधी गोष्ट: चार वर्षं नीट चाललेलं मशीन ज्या आठवड्यात बिघडलं, त्या आठवड्यात मी बदललेली मोठी वस्तू एकच होती.

२७ तारखेला सकाळी साडेआठला बाईंचा फोन आला. बाई म्हणजे आमच्या मुद्रितशोधक. दादरच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या, आता ऐंशीच्या घरात आहेत. त्या पडद्यावर वाचत नाहीत, मी त्यांना कागदावर प्रूफ पाठवते.

“अगं, एकशे बारा पानावरची कथा काढ. शेवटून दुसरा परिच्छेद. ‘नवरा गेल्यावरही तिने धूर सोडला नाही’ असं आलंय.”

“धीर असेल, बाई. टायपिंगमध्ये चुकलं असेल माझ्याकडून.”

“नाही गं. पहिल्या प्रूफात बरोबर होतं. माझ्यासमोरच आहे ते. ‘धीर’च आहे. मधल्या वेळात तू त्या ओळीला हात लावलास का?”

मी हात लावला नव्हता. त्या कथेचं शेवटचं काम ऑगस्टमध्ये झालं होतं. लेखिकेची मेल उघडली, तिथे ‘धीर’. बाईंच्या पहिल्या प्रूफात ‘धीर’. फाइलमध्ये ‘धूर’. फोन ठेवला तेव्हा माझे हात गार पडले होते. मशीन बसतं, पुन्हा सुरू होतं, तेवढ्याची चीड येते, पण काम तरी आपलं असतं. इथे मशीन चालू असताना, मी समोर बसलेली असताना, कुणीतरी लेखिकेचा शब्द बदलला होता आणि मी तो स्वतःच्या हाताने सेव्ह केला होता.

माझे वडील गिरगावातच एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. ते सांगायचे की प्रूफात एखादं अक्षर चुकलं तर तो हात असतो, तेच अक्षर तशाच पद्धतीने दुसऱ्या फर्म्यातही, म्हणजे एकदम छापायच्या पानांच्या दुसऱ्या गटातही, चुकलं तर हात नव्हे, खिळा बघायचा. तुटका खिळा केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, परत जातो आणि पुन्हा पुन्हा वर येतो. त्यांच्या त्या बोलण्याने मला त्या सकाळी भान आलं. मी मशीन बंद केलं आणि ठरवलं की दोष सापडेपर्यंत यावर एक अक्षरही उघडायचं नाही. बॅकअपसुद्धा घ्यायचा नाही. बॅकअप घेताना फाइल रॅममधूनच जाते. रॅम खोटी असेल तर प्रतही खोटीच तयार होते, आणि ती चांगल्या जुन्या प्रतीवर चढली की मूळच पुसलं जातं. सुदैवाने माझ्याकडे १५ सप्टेंबरचा, म्हणजे नव्या रॅमच्या आधीचा बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर होता.

आमच्याच मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा राहतो. त्याला हाक मारली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला, “काकू, चारही एकदम तपासायच्या नाहीत. म्हणजे तपासायच्या, पण त्यावर थांबायचं नाही.” त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर मेमटेस्ट८६चा पेनड्राइव्ह तयार केला. हा प्रोग्राम विंडोजच्या आत चालत नाही. मशीन थेट पेनड्राइव्हवरून सुरू होतं, त्यामुळे विंडोजने अडवलेली जागाही तपासता येते. तो रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहितो, परत वाचतो आणि लिहिलेलं तेच वाचलं का ते बघतो. फुकट आवृत्तीत अशा चार फेऱ्या होतात.

रॅममध्ये काय चालतं हेही त्याने तेव्हाच सांगितलं, आणि मला ते फार आवडलं. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तीच रचना आजही वापरतात. एका बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा भार गळत राहतो. म्हणून डीडीआर-४ रॅममध्ये प्रत्येक घर साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरून घेतलं जातं, मशीन चालू असेपर्यंत, न थांबता. माझ्या खोलीत रात्री बारा वाजता अंक उघडा असतो तेव्हा त्यातलं एकेक अक्षर सेकंदाला पंधराएक वेळा नव्याने धरून ठेवलं जात असतं. एखादं घर जरा जास्त गळकं असलं की पुढच्या भरणीआधीच त्यातला भार उतरतो आणि बिट पालटतो. खोली तापलेली असेल तर गळती आणखी वाढते.

पहिली चाचणी जशी होती तशीच केली, चारही स्टिक, एक्सएमपी चालू. दहा मिनिटांत लाल ओळी यायला लागल्या आणि अर्ध्या तासात शेकड्यांनी झाल्या. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद केलं. आता रॅम २४००वर आणि १.२ व्होल्टवर, एक्सएमपीमध्ये ती ३२००वर आणि १.३५ व्होल्टवर होती. रात्रभर चाचणी लावून ठेवली. सकाळी बघितलं तर फक्त सात त्रुटी.

मी दुकानात फोन केला. तिथून उत्तर आलं, “ताई, चार रॅम मिक्स केल्या की असं होतं. स्पीड कमी ठेवा, काही प्रॉब्लेम नाही.”

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो आणि त्याची ताकद मर्यादित असते. रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीनेच जाहीर केलेले आकडे बघा: दोन स्टिकना ३२००, चार सिंगल-रँक स्टिकना २९३३, चार ड्युअल-रँक स्टिकना २६६७ (रँक म्हणजे स्टिकवरच्या चिपचा एकत्र चालणारा गट). मी मात्र वेगवेगळ्या क्षमतेच्या, वेगवेगळ्या टायमिंगच्या चार स्टिक लावून त्यांच्याकडून ३२०० मागत होते. स्टिकच्या पाकिटावर लिहिलेला आकडा त्या स्टिकचा असतो, चार स्टिकच्या जमावाचा नसतो. हे विकणाऱ्याने सांगायला हवं, आणि घेणाऱ्यानेही आपल्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघायला हवं. मी बघितलं नव्हतं.

दुसरं वाक्य मात्र मला मान्य नव्हतं. शेकड्यांवरून सातवर आलं म्हणजे दोष गेला असं नाही. रॅममध्ये एकही त्रुटी चालत नाही. ‘धीर’चा ‘धूर’ व्हायला एकच पुरते. मला वाटतं, दोन कारणं एकमेकांवर चढलेली असतात तेव्हा असंच फसायला होतं. एक कारण दूर केलं की इतकं बरं वाटतं की दुसऱ्याकडे बघायचं सुचत नाही. मी तिथे थांबले असते तर ब्लू स्क्रीन बहुधा बंद झाल्या असत्या आणि अंक चुकीचा छापला गेला असता.

२८ तारखेला शनिवारी आम्ही एकेक स्टिक घेऊन बसलो. आधी चारही काढून जमिनीवर सतरंजीवर सुती कापड अंथरून त्यावर ओळीने ठेवल्या आणि चिठ्ठ्या चिकटवल्या: जुनी १, जुनी २, नवी १, नवी २. हे फार महत्त्वाचं. नव्या दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, हातात इकडच्या तिकडे झाल्या की सगळा दिवस फुकट. मुलाने सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायला घेतला होता, मी थांबवलं. सगळीकडे हा उपाय करतात, पण तो सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराचा कीस स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या धाग्यांचं कापड आणलं आणि हलक्या हाताने पुसलं. समुद्र जवळ, परतीचा पाऊस चालू, भिंतींना ओल. मुंबईत ही पुसापुशी निरर्थक नसते.

प्रत्येक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावायची हे ठरलं होतं, प्रोसेसरकडून दुसरा. स्लॉट आणि स्टिक दोन्ही बदलत गेलो तर दोष कुणाचा हे कळणार कसं? जुनी १ लावली, चार फेऱ्या, शून्य. जुनी २, शून्य. तोपर्यंत संध्याकाळ झाली. नवी १ रात्री लावली, १६ जीबीची असल्याने तिला साडेतीन तासांच्या वर लागले, मी शेजारी बसून स्वेटर विणत राहिले. शून्य. रविवारी सकाळी नवी २ लावली. दुसऱ्या फेरीत पहिली लाल ओळ आली. मग आणखी. तिसऱ्या फेरीअखेर एकोणीस झाल्या.

मुलगा पडद्याजवळ वाकून बघत होता. प्रत्येक ओळीत काय अपेक्षित होतं, काय वाचलं आणि त्यातले कोणते बिट वेगळे आले हे दिलेलं असतं. पत्ते थोडे थोडे वेगळे होते, पण शेवटचा रकाना बघा, म्हणाला. एकोणीसच्या एकोणीस ओळींत तिथे ०००००००२. म्हणजे दर वेळी एकच बिट, उजवीकडून दुसरा.

“काकू, तुमचा तो शब्द कोणता होता?”

“धीर. त्याचा धूर झाला.”

त्याने मोबाइलवर युनिकोडचा तक्ता काढला. संगणकाच्या सोळाच्या मोजणीत दीर्घ वेलांटीचा क्रमांक ०९४०, दीर्घ उकाराचा ०९४२. फरक बरोबर दोनचा. उजवीकडून दुसरा बिट शून्याचा एक झाला की वेलांटी उतरून अक्षराच्या पायाशी उकार होऊन बसते. आम्ही दोघं बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिलो. वडिलांचा तुटका खिळा मला सापडला होता. ती ओळ बदलणारी स्टिक हीच, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

स्लॉट निर्दोष आहेत ना, हेही बघायला हवं होतं. ‘नवी १’ बाकीच्या तीन स्लॉटमध्ये पाळीपाळीने लावून प्रत्येकी एक फेरी केली. सगळे स्वच्छ.

१ ऑक्टोबरला ती स्टिक, बिल आणि मोबाइलवर काढलेले पडद्याचे फोटो घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. काउंटरवरच्या माणसाने ती त्यांच्या मशीनला लावली, विंडोज सुरू झालं, म्हणाला, “चालतेय की, ताई.” मी म्हटलं, चालते हे मलाही माहीत आहे, मेमटेस्ट लावा, मी थांबते. तो कुरकुरला. आतल्या टेबलावर दुरुस्ती करणारा एक मराठी मुलगा होता, त्याने फोटो मागून घेतले, शेवटचा रकाना बघितला आणि स्वतःहून पेनड्राइव्ह लावला. मी स्टुलावर बसून राहिले. पावणेदोन तासांनी लाल ओळ आली. त्यानंतर वाद उरला नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बदलून यायला आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. त्या मुलाने निघताना सांगितलं, “बदलून आली की चारही लावू नका. नव्या दोनच लावा, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटला. ३२ जीबीत तुमचं काम आरामात होईल.”

अंकाची तारीख मात्र थांबणार नव्हती. मी जुन्या दोन रॅम परत लावल्या, चार फेऱ्या पुन्हा करून घेतल्या, आणि विंडोज नव्याने टाकलं, कारण खराब रॅम असताना दुरुस्त झालेल्या फाइलींवर माझा भरवसा नव्हता. अंकाची एक मोठी फाइल होती तिचे पाच तुकडे केले, एका वेळी एकच तुकडा उघडायचा. १६ जीबीत संथ चाललं, पण चाललं.

खरं काम त्यापुढे होतं. खराब रॅम असेपर्यंतच्या आठ दिवसांत काय काय बदललं असेल? छायाचित्रांचं सोपं होतं. मी ती २० तारखेला नव्या फोल्डरमध्ये हलवली होती, त्यानंतर हात लावला नव्हता. शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर जुन्या बॅकअपमधल्या आणि नव्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या बिटांवरून निघणारा ठसा, काढून जुळवला. ही सोय विंडोजमध्येच असते. फाइलमध्ये एक बिट जरी वेगळा असला तरी हॅश संपूर्ण वेगळा येतो. ६१२ फोटोंपैकी तीन जुळले नाहीत. दोन नुसत्या डोळ्यांना अगदी सारखे दिसत होते. तिसऱ्याच्या खालच्या भागात हिरवट पट्टा आला होता. तिन्ही जुन्या बॅकअपमधून परत घेतले.

मजकुराचं असं करता येत नव्हतं. त्या आठ दिवसांत बाईंनी सुचवलेल्या दुरुस्त्या मी घातल्या होत्या, त्यामुळे नवी फाइल जुन्यापेक्षा वेगळी असणारच होती. सगळा मजकूर दोन्हीकडून साधा करून, शेजारी शेजारी लावून फरक काढले आणि एकेक फरक बाईंच्या प्रूफातल्या खुणेशी ताडून बघितला. खूण आहे, ठीक. खूण नाही, तर लेखकाची मूळ प्रत काढायची. घटस्थापनेला हे सुरू केलं आणि सहा दिवस लागले. खाली चौकात रोज संध्याकाळी गरब्याची गाणी लागायची, मी आणि बाई फोनवर ओळी वाचत असायचो.

खूण नसलेले चार फरक निघाले. दोन ठिकाणी अक्षराच्या जागी नुसता चौकोन आला होता, ते बाईंच्याही नजरेतून सुटलेच नसते. तिसरा तो ‘धूर’. चौथा फरक १८७ पानावर, एका कवितेत होता. कवी कोकणातले, वयस्कर, हाताने लिहून टपालाने पाठवतात. जुन्या फाइलमध्ये होतं ‘पाऊस सरल्यावर उरलेलं हिरवं बन’. नव्या फाइलमध्ये ‘हिरवं मन’.

मी ती ओळ बाईंना वाचून दाखवली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे मी दुसऱ्या प्रूफात वाचलंय. मला खटकलं नाही. चांगली ओळ आहे, असंच वाटलं मला.”

मलाही तेच वाटलं होतं. ‘धूर’ अर्थाने बसत नव्हता म्हणून सापडला. ‘हिरवं मन’ कवितेत इतकं अलगद बसलं होतं की ते कवीचं नाही हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं. मुलाला न विचारता मी आता तक्ता बघू शकत होते. ‘ब’ ०९२सी, ‘म’ ०९२ई. पुन्हा दोनचाच फरक.

तरी मी टपालाचं पाकीट काढलं. निळ्या शाईतली ओळ बघितली. ‘बन’च होतं, ‘ब’च्या पोटातली रेघ नीट ठसठशीत ओढलेली. कवींना फोन करून ओळ वाचून दाखवली आणि ‘बन’ बरोबर ना, एवढंच विचारलं. “बनच. आमच्या घरामागचं आहे ते,” म्हणाले.

९ तारखेला रात्री पीडीएफ काढली. पाच तुकडे, एकामागून एक, मध्ये कुठे मशीन बसलं नाही. १० तारखेला प्रभादेवीच्या छापखान्यात स्वतः नेऊन दिली. बदललेली स्टिक दुकानातून १२ तारखेला, दसऱ्याच्या दिवशी आली. पूजेला मशीनवर झेंडूची फुलं वाहिली, संध्याकाळी ती उचलली, दोन्ही नव्या स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या आणि पेनड्राइव्ह लावला. पहाटे साडेपाचला उठून बघितलं. चार फेऱ्या, शून्य त्रुटी. मग एक्सएमपी चालू करून ३२००वर पुन्हा चार फेऱ्या लावल्या आणि चहा टाकला.